'राहुल' : नामाचा अर्थ आणि वारसा

मागील वर्षावासात एका उपासकाच्या घरी नामकरण संस्कारासाठी आम्ही गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, परित्राण पाठ झाला आणि बालकाचे नाव उच्चारण्याची वेळ आली, तेव्हा घरात दबक्या आवाजात काही वाद चालू असल्याचे आमच्या ध्यानात आले. आईवडिलांनी 'राहुल' हे नाव निश्चित केले होते. परंतु बालकाच्या मामांनी आदल्या रात्री कोठेतरी वाचले होते की, राहुल म्हणजे बंधन, राहुल म्हणजे विघ्न, आणि हे नाव सिद्धार्थ गौतमांच्याच उद्विग्न उद्गारातून आले आहे. "आपल्याच लेकराला अडथळा म्हणून हाक कशी मारायची, सर?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्यावर दुसऱ्या एका नातलगाने बाळांच्या नावांचे एक पुस्तक पुढे केले. त्यात याच नावापुढे 'सर्व दुःखांवर विजय मिळविणारा' असा अर्थ छापला होता. एकाच नावाचे इतके परस्परविरोधी अर्थ पाहून घरची मंडळी गोंधळली आणि सर्वांचे डोळे आमच्याकडे वळले.

त्या प्रसंगी आम्ही थोडक्यात उत्तर दिले. तथापि हा प्रश्न एका घरापुरता नाही. धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजात जी नावे घरोघर रुजली, त्यांत राहुल हे अग्रगण्य होय. म्हणून त्याची सविस्तर चर्चा येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम नावांच्या पुस्तकातील अर्थाचा निकाल लावू. 'सर्व दुःखांवर विजय मिळविणारा' या अर्थाला पालीत, संस्कृतात किंवा कोणत्याही प्राकृतात आधार नाही. बुद्धाचा पुत्र म्हणजे दुःखाचा अंत करणारा, अशा भाविक तर्काने तो कोणीतरी जुळविला असावा आणि मग एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरला असावा. हेतू चांगला असला तरी शब्दार्थ असा ठरत नाही. भाविकतेने दिलेला खोटा अर्थ खऱ्या अर्थाच्या शोधात आडवा येतो, एवढेच त्याविषयी पुरे.

'बंधन' या अर्थाची गोष्ट वेगळी आहे. त्याला ग्रंथाधार आहे, पण तो कोणत्या ग्रंथाचा, हे पाहिले पाहिजे. जातकट्ठकथेच्या प्रारंभी निदानकथा नावाचे दीर्घ प्रकरण आहे. त्यात सिद्धार्थकुमार उद्यानात असताना शुद्धोदनाचा दूत पुत्रजन्माची वार्ता घेऊन येतो, असा प्रसंग आहे. ती ऐकून कुमार राहू जन्मल्याचे व बंधन निर्माण झाल्याचे बोलतो. दूत ते शब्द राजाला सांगतो आणि राजा त्या शब्दांवरूनच नातवाचे नाव राहुल असे ठेवतो. मामांनी वाचलेली कथा ती हीच. परंपरेने ही अट्ठकथा आचार्य बुद्धघोषांच्या नावे सांगितली जाते आणि तिचा काळ इसवी सनाचे ५वे शतक मानतात. म्हणजे भगवंतांच्या काळापासून ती कित्येक शतके दूर आहे.

उलट, मूळ पिटकांत राहुलाचा उल्लेख वारंवार येतो. मज्झिमनिकायात त्याला उद्देशून केलेली तीन सुत्ते आहेत, संयुत्तनिकायात त्याच्या नावाचे स्वतंत्र संयुत्त आहे, सुत्तनिपातात राहुलसुत्त आहे, थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत, महावग्गात त्याच्या प्रव्रज्येचा वृत्तान्त आहे. यांपैकी एकाही ठिकाणी नावाचा अर्थ सांगितलेला नाही. तो विघ्न होता असे कोणी म्हटलेले नाही. पित्याने त्याच्या जन्माने खेद मानला, असा सूरही तेथे कोठे उमटत नाही.

शिवाय उत्तरेकडील बौद्ध परंपरांनी याच नावाच्या वेगळ्याच कथा सांगितल्या आहेत. मूलसर्वास्तिवादी विनयात राहुलाचा जन्म गृहत्यागापूर्वी नव्हे, तर सहा वर्षांनी, संबोधीच्या रात्री होतो. त्या वेळी चंद्राला ग्रहण लागलेले असते, म्हणून नाव राहुल. तिबेटी अनुवादकांनी 'राहूने धरलेला' अशा अर्थाचा शब्द योजला तो याच समजुतीने. अश्वघोषाने मात्र बुद्धचरितात हाच राहू घेऊन नेमके उलट टोक गाठले आहे. राहूचा वैरी तो चंद्र, आणि त्या चंद्रासारखे ज्याचे मुख तो राहुल, असे त्याने सूचित केले आहे. ग्रहणाच्या छायेतून त्याने चांदणे काढले! कवीला ते शोभते.

आता पाहा. एका परंपरेत जन्म गृहत्यागाच्या वेळचा, दुसरीत सहा वर्षांनंतरचा. एकीत बंधन, दुसरीत ग्रहण, तिसरीत चंद्रमुख. या साऱ्या कथा एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. त्यांच्यात समान आहे ते केवळ नाव आणि त्या नावात ऐकू येणारा 'राहू' हा शब्द. यावरून आमचे मत असे की, नाव आधीचे आहे व कथा नंतरच्या आहेत. नाव परिचित होते, त्याचे कारण विस्मृत झाले होते. तेव्हा प्रत्येक परंपरेने आपापल्या कल्पनेने ते पुरविले. प्राचीन नावांच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते.

मग शब्द म्हणून राहुल कसा सिद्ध होतो? राहू हा चंद्र-सूर्याला ग्रासणारा, ही कल्पना जुनी आहे. छांदोग्य उपनिषदात राहूच्या मुखातून सुटणाऱ्या चंद्राची उपमा येते. संयुत्तनिकायात असुरेंद्र राहूने धरलेले चंद्र व सूर्य भगवंतांना शरण जातात आणि राहू त्यांना सोडून देतो, अशी दोन सुत्ते आहेत. कोशकार हा शब्द 'रभ्' म्हणजे पकडणे या धातूशी जोडतात. बंधनाचा भाव येतो तो येथून, तोही लांबच्या वाटेने. ग्रहणकाळी जन्मलेल्या बालकाला त्या काळाची खूण म्हणून असे नाव मिळणे अशक्य नाही. जन्मकाळावरून नाव ठेवण्याची चाल त्या युगात सर्वत्र होती. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत तिस्स, फल्गुन, आषाढ अशा नक्षत्रनामांवरून पडलेली नावे भेटतात. अशा नावाने बालक शुभ किंवा अशुभ ठरत नसे. श्रावणात जन्मला म्हणून श्रावण, तसे ते.

परंतु आमच्या मते या नावातील खरा अर्थपूर्ण भाग शेवटचा 'ल' हा आहे. पाणिनीच्या व्याकरणात लांबलचक व्यक्तिनाम लाडाने कसे आखूड करावे, याचे नियम आहेत. देवदत्ताचा देविल होतो. पूर्वपद उकारान्त असेल तर 'इल' न लागता नुसता 'ल' लागतो, असे वार्तिक काशिकेत दिले असून भानुदत्ताचा भानुल आणि वसुदत्ताचा वसुल ही त्याची उदाहरणे आहेत. राहुल नेमका याच साच्यात बसतो. म्हणजे हे नाव घरातले, मांडीवरचे, प्रेमाने आखूड केलेले नाव आहे. मराठी माणसाला हे व्याकरण शिकविण्याची गरजच नाही. तान्हुला, सोनुला, छकुला हे शब्द आपल्या आया पाळण्याशी बसून म्हणत आल्या आहेत. त्यांतील 'ल' हा याच कुळातला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने राहुल या नावाचा गाभा काही असेल तर तो विघ्न नव्हे, वात्सल्य होय.

या नावाचा एक पुरावा शिळेवर कोरलेला आहे आणि तो फार मोलाचा आहे. राजस्थानात जयपूरजवळ बैराट येथे सम्राट अशोकाचा एक लेख १९व्या शतकात सापडला. ती शिळा आज कोलकात्यात एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अशोकाने भिक्षुसंघाला अभिवादन करून सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत आणि भिक्षु-भिक्षुणींनी, तसेच उपासक-उपासिकांनी ते वारंवार ऐकावे, अशी इच्छा प्रकट केली आहे. त्या यादीतील शेवटचा पर्याय म्हणजे राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश. लेखात नावाचे रूप 'लाघुल' असे आहे. 'र'च्या जागी 'ल' येणे ही अशोककालीन पूर्वेकडील बोलीची खूण. राजाचा 'लाजा' होतो तसे. 'ह'च्या जागी 'घ' मात्र विचार करायला लावतो. पालीत 'लघु'चा 'लहु' झालेला आपण पाहतो, म्हणजे 'घ' झिजून 'ह' होतो. त्या न्यायाने 'घ' असलेले रूप जुने व 'ह' असलेले नंतरचे, असे मानता येईल, आणि मग या नावाचा राहूशी मुळात संबंधच नव्हता, अशीही शक्यता उघडते. उलट लेखकाने बोलीतला 'ह' शुद्ध करण्याच्या नादात 'घ' लिहिला, असेही म्हणता येईल. आमचा कल दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे आहे. पण पहिलेही हसण्यावारी नेण्यासारखे नाही. एवढे निर्विवाद की, निदानकथेच्या सुमारे सात शतके आधी हे नाव दगडावर आले, ते बंधनाच्या संदर्भात नव्हे, सत्याच्या शिकवणुकीच्या संदर्भात.

तो उपदेश म्हणजे अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्त. पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवून भगवंत राहुलाला विचारतात, हे थोडेसे पाणी दिसते का. मग ते पाणी फेकतात, भांडे उलटे करतात, पुन्हा उताणे करून रिकामे दाखवितात, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असेच थोडके, फेकलेले, उलटे व रिकामे असते, असे सांगतात. त्यानंतर आरशाचा दृष्टान्त येतो. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना व केल्यावर पाहून घ्यावे. ते स्वतःला किंवा इतरांना पीडा देणारे तर नाही, हे तपासावे. लहान मुलाला शिकविण्याची ही पद्धती आजच्या कोणत्याही शिक्षकाने अभ्यासावी अशी आहे. समोर भांडे, हातात पाणी, आणि प्रश्न मुलाला.

राहुलाला स्वतःच्या नावाविषयी काय वाटत होते? थेरगाथेतील त्याच्या गाथांत याचे उत्तर आहे. लोक आपल्याला राहुलभद्द म्हणून ओळखतात, असे तो तेथे सांगतो आणि आपण दोन कारणांनी भाग्यवान असल्याचे म्हणतो. एक तर आपण बुद्धाचा पुत्र आहोत आणि दुसरे असे की आपल्याला धम्माची दृष्टी लाभली आहे. 'भद्द' म्हणजे भद्र, मंगल. ज्याला विघ्न म्हणून पाहिले गेले असे सांगतात, तो स्वतःला मंगल म्हणवितो. आमच्या दृष्टीने मामांच्या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर हेच आहे, आणि ते खुद्द नावाच्या धन्याने दिलेले आहे.

महावग्गातील प्रसंग तर सर्वश्रुत आहे. भगवंत कपिलवस्तूला आले असता राहुलमाता मुलाला पित्याकडे वारसा मागावयास पाठविते. (पालीत यशोधरेचा उल्लेख पुष्कळदा 'राहुलमाता' असाच होतो. अमक्याची आई म्हणून स्त्रीला ओळखण्याची आपल्या वाड्यावस्त्यांतील रीत किती जुनी आहे, हे यावरून कळावे.) मुलगा पित्यासमोर उभा राहतो, त्यांच्या सावलीचे सुख बोलून दाखवितो आणि मागोमाग चालत 'दायज्ज', म्हणजे वारसा, मागत राहतो. भगवंत सारिपुत्ताला त्याला प्रव्रज्या देण्यास सांगतात. राज्य मागावयास आलेल्या मुलाच्या पदरी धम्म पडला. या प्रसंगाची दुसरी बाजूही पिटकाने लपविलेली नाही. वृद्ध शुद्धोदन भगवंतांकडे येऊन पुत्र व नातू गमावल्याचे दुःख सांगतो आणि आईवडिलांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती करतो. भगवंत ती मान्य करून तसा नियमच घालून देतात. आजोबाच्या अश्रूंनी विनयाचा एक नियम घडविला.

पुढे राहुल शिकण्याची हौस असणाऱ्यांत अग्रगण्य ठरला. अंगुत्तरनिकायात भगवंतांनी त्याला 'सिक्खाकाम' भिक्षूंत श्रेष्ठ म्हटले आहे. रोज सकाळी तो मूठभर वाळू हाती घेई आणि आज एवढे उपदेश मिळोत अशी इच्छा धरी, असे अट्ठकथा सांगते. ५व्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानाने मथुरा व मध्यदेशाच्या वर्णनात श्रामणेर राहुलाची पूजा करतात, असे नोंदविले आहे. विद्यार्थ्यांचा आदर्श म्हणून त्याचे स्थान असे शतकानुशतके टिकले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात हा विषय कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक आहे. यशोधरेला विवाहानंतर पुष्कळ काळाने पुत्र झाला व त्याचे नाव राहुल ठेवले, एवढेच ते सांगतात. राहू नाही, बंधन नाही. गृहत्यागाचे कारणच त्यांनी शाक्य व कोलीय यांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्यात दाखविले असल्याने पुत्रजन्माला विघ्न ठरविण्याचे प्रयोजनच उरत नाही. निदानकथेत सिद्धार्थ मध्यरात्री निघतो आणि यशोधरेची झोप मोडेल म्हणून मुलाला उचलून न घेताच उंबऱ्यावरून परततो. बाबासाहेबांचा सिद्धार्थ यशोधरेशी बोलून, तिची संमती घेऊन, राहुलाला समोर आणवून, त्याला पित्याच्या नजरेने पाहून मगच निघतो. ज्या समाजासाठी हा ग्रंथ लिहिला गेला त्या समाजातील आईबाप आपल्या मुलाला राहुल म्हणतात, ते या राहुलाला स्मरून.

नावाचा अर्थ आपल्या लोकांना इतका का जिव्हारी लागतो, हे आम्ही जाणतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असा दंडक आहे. त्याखालच्या माणसांचा तर त्यात विचारही नाही. गावगाड्याने हा दंडक आपल्या पद्धतीने पाळला. चांगल्या नावालाही 'या' जोडून ते तुच्छ करून टाकणे, ही रोजची गोष्ट होती. रामाचा राम्या, धोंडिबाचा धोंड्या. मूल जगावे म्हणून दगडू, कचरू, भिका अशी नावे सर्वच जातींत ठेवीत, हे खरे. पण इतरांच्या बाबतीत पुढे 'राव' लागे, आपल्या बाबतीत 'या' लागे. एका प्रत्ययात वात्सल्य असते आणि दुसऱ्यात तिरस्कार. व्याकरण शिकताना हे ध्यानात येत नाही, जगताना येते. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ नंतर सिद्धार्थ, गौतम, आनंद, मिलिंद, सुजाता, विशाखा, संघमित्रा ही नावे घराघरांत आली, तेव्हा ती केवळ हौस नव्हती.

भारताबाहेर हे नाव कधी लोपले नव्हते. सिंहलद्वीपात १५व्या शतकात तोटगमुवे श्री राहुल हे थोर कवी-स्थविर होऊन गेले. २०व्या शतकात वालपोल राहुल यांच्या १९५९ सालच्या इंग्रजी ग्रंथाने जगाला बुद्धवचनाचा परिचय करून दिला. भारतात मात्र धम्म ओसरल्यावर नाव मागे पडले. राहू-केतू मागे लागले, असे म्हणणाऱ्या समाजात ते कोण ठेवणार? ते परतले ते ग्रंथांच्या वाटेने. मराठीत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचे बुद्धचरित्र १८९८ साली आले, त्यानंतर धर्मानंद कोसंबींचे ग्रंथ आले. हिंदी प्रदेशात केदारनाथ पांडे यांनी १९३० साली श्रीलंकेत प्रव्रज्या घेऊन राहुल सांकृत्यायन हे नाव धारण केले आणि मैथिलीशरण गुप्तांच्या 'यशोधरा' काव्याने राहुलाला घरोघरी नेले. १९३९ साली जन्मलेले संगीतकार राहुलदेव बर्मन, १९७३चा क्रिकेटपटू राहुल द्रविड, ही त्यानंतरची पिढी. १९९०च्या दशकात हिंदी चित्रपटांनी तर कहर केला. 'डर', 'दिल तो पागल है', 'कुछ कुछ होता है' या तिन्हींत शाहरुख खानच्या पात्राचे नाव राहुल! आज हे नाव सर्व जातींत व प्रांतांत आढळते. त्यामुळे ते 'आपले' राहिले नाही, असे काही उपासक आम्हाला खेदाने सांगतात. आम्हाला तो खेद वाटत नाही. ज्यांनी पडद्यावरून नाव घेतले, त्यांच्याही घरी हाक मारली जाते ती शाक्यकुळातील त्या श्रामणेराच्याच नावाने. आडनाव विचारणारे विचारतातच, तो प्रश्न वेगळा.

त्या दिवशी यातले थोडेच आम्ही बोललो. तान्हुला-सोनुला आणि राहुलभद्द, एवढे सांगितले तेव्हा मामा गप्प झाले. त्यांचे पुरते समाधान झाले होते की नाही, ते सांगता येत नाही. बालकाचे पणजोबा भिंतीला टेकून बसले होते. शाळेच्या हजेरीपटावर आपले नाव मास्तरांनी शेवटी 'या' लावूनच लिहिले होते आणि सही करावयाची वेळ येई तेव्हा आपणही तसेच लिहीत होतो, असे ते म्हणाले. मग त्यांनी विहाराची नोंदवही आपल्याकडे मागितली, चष्मा लावला, आणि नावाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने, सावकाश, तीन अक्षरे लिहिली.